बी-७०२, मुक्काम इटली

शुभंकर आणि पूर्णिमा इटलीहून ठरल्यापेक्षा तीन दिवस आधी पुण्यात परत आले.

हे वाक्य आपण वाचलं असेल तर कृपया विसरून जावं. ते परत आलेले नाहीत. मे २०१६च्या पंधरा, सोळा आणि सतरा तारखेला दोघं उत्तर इटलीतल्या एका तलावाकाठी आराम करत होते. तसं रजेच्या अर्जात आहे, सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर आहे आणि त्या तलावाकाठच्या हॉटेलच्या कंप्युटरमध्येही आहे. एवढे पुरावे असताना माणूस प्रत्यक्षात कुठे होता हा प्रश्न गौण ठरतो.

तरीही झालं ते असं.

चूक शुभंकरची होती. तो एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होता. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून त्या त्यांना नम्रपणे कळवण्याचा त्याला पगार मिळत असे. सहलीचा आराखडा त्याने एक्सेलमध्ये केला आणि फाइलला नाव दिलं ‘इटली फायनल’. पूर्णिमाने ती वरून खालपर्यंत वाचली आणि विचारलं, “यात मी बसते कधी?”

“म्हणजे?”

“म्हणजे खाली. खुर्चीवर. रोमला मी उभी आहे, फ्लॉरेन्सला उभी आहे, व्हेनिसला तर होडीतसुद्धा उभी आहे.”

पूर्णिमा सपोर्टमध्ये होती. जगात कुठेही कुणाचं काही बंद पडलं की फोन तिला. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात तिने फोन न वाजता केलेलं एकही जेवण शुभंकरला आठवत नव्हतं. तिची अट एकच होती. शेवटचे तीन दिवस काहीही करायचं नाही. चर्च नाही, म्युझियम नाही, रांग नाही. एक तलाव, एक खुर्ची आणि ती. शुभंकरने शब्द दिला आणि तीन दिवस वाढवून नवी फाइल केली, ‘इटली फायनल खरंच फायनल’. हॉटेलं त्याने या दुसऱ्या फाइलवरून बुक केली. विमानाची तिकिटं मात्र पहिलीवरून आधीच काढून झाली होती.

हे त्याला मिलानच्या स्टेशनवर कळलं. तलावाकडे जाणारी गाडी समोर उभी होती. पूर्णिमाने खास या तीन दिवसांसाठी घेतलेली रुंद काठाची टोपी घातली होती. तेवढ्यात विमान कंपनीचा प्रेमळ मेसेज आला, की आजच्या प्रवासासाठी आम्ही आपली वाट पाहत आहोत. शुभंकरने तासभर फोनवर काढला. त्या तिकिटात काहीही बदलता येत नव्हतं. तारीख नाही, वेळ नाही, जेवणसुद्धा नाही.

पूर्णिमा चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिने टोपी काढली आणि बॅगेत ठेवली. ती टोपी घडी होणाऱ्यातली नव्हती. तिने तिची घडी केली.

विमान अरबी समुद्रावर आलं तेव्हा शुभंकरला कल्पना सुचली. कल्पना त्याला नेहमी अशाच ठिकाणी सुचत, जिथून उतरता येत नाही.

“पूर्णिमा, रजा मंगळवारपर्यंत आहे. आपण परत येतोय हे कुणालाच माहीत नाही. घर आहे, एसी आहे आणि बेल वाजवायला कुणी येणार नाही, कारण आपण घरात नाही. आपण इटलीतच राहू. फक्त खराडीत.”

पूर्णिमाने खिडकीची झडप खाली ओढली. “माझं ऑफिस आपल्या बाल्कनीतून दिसतं, शुभंकर. मंगळवारी नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे. मी पुण्यात आहे असं मॅनेजरला कळलं, तर घ्यायला रिक्षा पाठवेल तो.”

“म्हणून तर कुणालाच कळू द्यायचं नाही.”

“आणि एक किल्ली समोरच्या विमलाकाकूंकडे आहे.”

“त्या अकराला येणार, दोन मिनिटं झाडांना पाणी घालणार आणि जाणार. तेवढी दोन मिनिटं बेडरूममध्ये थांबायचं.”

“तीन दिवस कुणी हाक मारणार नाही?”

“कुणी नाही. हा माझा शब्द.”

“हा दुसरा,” पूर्णिमा म्हणाली आणि डोळे मिटले.

सोसायटीचं नाव सरोवर-दर्शन. दर्शन देईल असं सरोवर आसपास कुठेही नाही. बिल्डरच्या माहितीपत्रकात एक होतं, त्यात दोन हंसही होते. लोक राहायला आले तेव्हा ते सरोवर म्हणजे शेजारच्या इमारतीच्या पायाचा खड्डा निघाला. पुढे त्यावर इमारत झाली. हंसांचं काय झालं कुणी विचारलं नाही.

रविवारी पहाटे टॅक्सी गेटशी थांबली तेव्हा वॉचमन मच्छिंद्र खुर्चीत ताठ बसला होता. पन्नाशी उलटलेला, वाघोलीच्या पुढच्या गावचा माणूस. झोप लागली तरी त्याची पाठ सरळ असे.

“सायेब, तुमी तर बुधवारी येनार व्हता.”

“मच्छिंद्र, आम्ही आलोच नाही असं समजा.”

“समजलो.”

“कुणाला सांगायचं नाही.”

“गळा कापला तरी न्हाई. पन वहीत लिवावं लागंल. सेक्रेटरी सायबांचा नियम हाय. गेटातनं मांजर आलं तरी नोंद.”

“अहो, आम्ही आलो नाही ना?”

“मंग तेच लिवतो की.”

आणि मच्छिंद्रने सावकाश, एकेक अक्षर कोरत वहीत लिहिलं: ‘बी-७०२. साहेब व म्याडम. आले नाहीत. वेळ ५.१०. बॅगा ३.’ मग वही पुढे केली. “सही करा.”

शुभंकरने सही केली. आयुष्यात काही सह्या माणूस वाचून करतो, काही झोपेत करतो. ही दुसऱ्या प्रकारातली.

पहिली सकाळ खरोखर इटलीसारखी गेली. पडदे बंद, फोन गप्प. घरात दूध नव्हतं, भाजी नव्हती आणि कुकरची शिट्टी परवडणारी नव्हती. तेव्हा बॅगेतून आणलेला पास्ता उकडला. बारा दिवस इटलीत त्यांनी घरून नेलेला मेतकूट-भात खाल्ला होता. पास्ता असा खराडीत येऊन पहिल्यांदा खाल्ला. पूर्णिमाने दोन घास खाल्ले आणि म्हणाली, “वाईट नाही.” मिलाननंतरचं हे तिचं पहिलं चांगलं वाक्य होतं.

अकराला कुलपात किल्ली फिरली. दोघं ठरल्याप्रमाणे बेडरूममध्ये जाऊन आतून कडी लावून उभे राहिले. काकूंची पावलं बाल्कनीत गेली. पाणी घातल्याचा आवाज आला. दोन मिनिटं झाली.

मग एसी सुरू झाल्याचा टुंग असा आवाज आला. मग सोफा करकरला. मग काकूंचा आवाज.

“हां वेणू, बोल. मी आलेय बरं का माझ्या जागेवर.”

वेणू म्हणजे वेणूबाई, काकूंची कात्रजची बहीण. काकू समोरच्या ७०१मध्ये राहत. त्यांच्याकडे त्या स्वतः, यजमान, मुलगा, सून, दोन नातू आणि सुट्टीला आलेली मुलीची दोन मुलं असा कारभार होता. बी-७०२मध्ये फक्त एक सोफा होता आणि तो रिकामा होता.

“घर छान आहे गं,” काकू सांगत होत्या, “पण भिंतीवर ते घड्याळ काय लावलंय! नवऱ्याची निवड असणार. नाही गं, मुलगा बरा आहे. साधा आहे. एकदा खिळा ठोकायला आमची हातोडी मागायला आला आणि जाताना ठोकायला ह्यांनाच घेऊन गेला.”

पूर्णिमाने तोंडावर उशी दाबली. तिचे खांदे हलत होते. शुभंकरला आधी वाटलं रडतेय. मग कळलं, हसतेय, आणि आपण उगीचच काळजी केली असंही वाटलं.

काकू दुपारी तीनपर्यंत झोपल्या. बेडरूमला जोडून बाथरूम होती, पण फ्लश ओढायची सोय नव्हती. त्या चार तासांबद्दल अधिक लिहिणं सभ्यपणाला धरून होणार नाही. काकू गेल्यावर शुभंकरने एकदम सगळं पाणी सोडलं.

नेमकं खाली ६०२मध्ये सोसायटीचे सेक्रेटरी अनंतराव राहत. ते पाण्याच्या कुठल्याशा खात्यातून निवृत्त झाले होते. खातं सुटलं तरी पाईपमधून काय जातंय हे कान लावून ओळखायची सवय सुटली नव्हती.

सोमवारी सकाळी आठला शुभंकरने, संशयाला जागा नको म्हणून, एका लख्ख उन्हातल्या तलावाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. ‘आत्ताच काढला.’ चार जणांनी अंगठे दाखवले. एकाने तिथलं पाणी उकळून प्या असं कळवलं. मग अनंतरावांचा मेसेज आला: ‘तिथे आत्ता पहाटेचे साडेचार. ऊन लवकर पडतं वाटतं. अभिनंदन. तसेच आपल्या बंद घरात काल दुपारी भरपूर पाणी वाहिले. गळती समजून गच्चीवरून आपला कॉक बंद केला आहे. आपण निवांत राहावे.’

टेस्टर माणसाने घड्याळाचा फरक विसरावा हे शुभंकरला फार लागलं. पूर्णिमाला पाणी गेलेलं लागलं. बादलीत होतं तेवढंच उरलं.

आणि त्या दिवशी काकू अकराला न येता नऊला आल्या. एकदा नव्हे, पाच खेपा घातल्या. शेवटच्या खेपेनंतर बाल्कनीत प्लॅस्टिकचा कागद अंथरल्याची सळसळ झाली. बेडरूमच्या खिडकीच्या पडद्याला पूर्णिमाने एक फट पाडली आणि बघून परत आली.

“कुरडया,” ती हळूच म्हणाली.

मे महिना, सातवा मजला, पूर्वेची बाल्कनी. कुठलीही समजूतदार बाई असंच करेल. पण कुरडया घातल्या की राखण आली, आणि राखण आली की काकू संध्याकाळपर्यंत हलणार नव्हत्या. शुभंकरने पलंगावर बसून मनातल्या मनात हिशेब मांडला: बादली एक, तास आठ, शब्द दोन. त्यातला पहिला मोडलेला.

“सॉरी,” तो म्हणाला.

“हळू,” पूर्णिमा म्हणाली.

दुपारी काकूंचा पुन्हा वेणूबाईंना फोन लागला. “बुधवारी येताहेत गं ती दोघं. म्हणजे माझे दोनच दिवस राहिले. नाही नाही, चांगली आहेत, पण आली की किल्ली द्यावी लागणार ना? घरी काय, बसले की लगेच आजी हे दे, आई ते कुठंय. इथं कसं, कुणाला माहीतच नसतं मी कुठे आहे. पूर्णिमा गेली इटलीला, आणि मी समोर.”

पूर्णिमा ते ऐकत दाराशी उभी राहिली.

थोड्या वेळाने सोफ्यावरून घोरण्याचा आवाज यायला लागला आणि बाल्कनीच्या कठड्यावर पहिलं कबुतर उतरलं. खराडीच्या उंच इमारतींत माणसांपेक्षा कबुतरं जुनी रहिवासी आहेत. मग दुसरं उतरलं. मग सात-आठ. पूर्णिमा फटीतून बघत होती. पहिल्या कुरडईला चोच लागली. ती गप्प राहिली. दुसरीला लागली. तिने मुठी वळल्या.

“पूर्णिमा,” शुभंकर कुजबुजला, “तीन दिवसांचा प्रश्न आहे.”

“गव्हाचा चीक आहे तो! तीन दिवस भिजवून काढतात!”

आणि कडी काढून, टॉवेल फिरवत, “हुश! हुश रे मेल्यांनो!” असं ओरडत ती हॉलमधून थेट बाल्कनीत गेली. कबुतरं उडाली. काकू दचकून उठल्या. समोर इटलीत असलेली मुलगी नाइट ड्रेसमध्ये उभी होती आणि तिच्या हातात टॉवेल होता.



“पूर्णिमा? आलीस तू?”

“नाही, काकू.”

काकूंनी तिच्याकडे बघितलं. मग एसीकडे, सोफ्याकडे, स्वतःच्या पायांखाली घेतलेल्या पूर्णिमाच्या भरतकामाच्या उशीकडे. ती उशी त्यांनी हळूच जागेवर ठेवली.

“बरं,” त्या म्हणाल्या. “मी पण आलेली नाहीये.”

त्यानंतर सगळं सोपं झालं. शुभंकर बाहेर आला. हातोडीचा विषय कुणीच काढला नाही, पण काकूंनी घड्याळाकडे पाहून “तसं वाईट नाही ते,” असं स्वतःहून सांगितलं. मग त्या घरी गेल्या आणि झाडांच्या नावाखाली पाण्याच्या चार बादल्या, आमटीचा डबा आणि पोळ्या घेऊन आल्या. “फार पितात हो तुमची झाडं,” त्या म्हणाल्या.

मंगळवारी सकाळी हॉलमध्ये दोन बायका आडव्या पडल्या होत्या. एक सोफ्यावर, एक खाली गादीवर. पूर्णिमाच्या फोनवर मॅनेजरचा मेसेज आला, की रिलीज अडकलंय, तू इथे असतीस तर. तिने उत्तरादाखल तलावाचा फोटो पाठवला आणि फोन उशीखाली सरकवला. शुभंकर बाल्कनीत टोपी घालून कुरडया उलटत होता. कबुतरं समोरच्या कठड्यावरून त्याच्याकडे पाहत होती. त्यांच्या नजरेत त्याला थोडा अपमान दिसला.

साडेअकराला बेल वाजली. शुभंकर बेडरूममध्ये धावला. पूर्णिमा गादीसकट धावली. काकूंनी दार उघडलं. दारात अनंतराव होते आणि मागे प्लंबर.

“गळती तपासायचीय,” अनंतराव म्हणाले.

“मालक नाहीत घरात. कुणाला आत घेता येणार नाही.”

“मग आपण आत कशा?”

“मी झाडांना पाणी घालतेय.”

“पाणी मी काल बंद केलंय.”

“म्हणूनच वेळ लागतोय ना.”

अनंतरावांनी मान डोलावली. नियमाला धरून दिलेल्या उत्तराचा ते आदर करत. “ठीक. मालकांचीच परवानगी घेतो,” म्हणत त्यांनी तिथेच उभ्या उभ्या शुभंकरला व्हिडिओ कॉल लावला. बेडरूममधून खणखणीत रिंग ऐकू आली.

“वा,” अनंतराव म्हणाले. “इटलीत वाजलेला फोन इथपर्यंत ऐकू येतो. प्रगती आहे देशाची.”

आत शुभंकरने घाईघाईत कॉल घेतला. मागे पांढरी भिंत, डोक्यावर पूर्णिमाची घडी पडलेली टोपी. “बोला काका! इकडे आत्ता आठ वाजलेत! सकाळचे!” या वेळी हिशेब बरोबर होता.

“छान. तलाव कसा आहे?”

“फार शांत, काका.”

तेवढ्यात खालून भंगारवाल्याने आरोळी दिली, “ये रद्दीऽऽ पेपरऽऽ भंगाऽऽर!” ती अनंतरावांना एका कानाने जिन्यातून ऐकू आली आणि दुसऱ्या कानाने फोनमधून.

“तिकडेही रद्दी घेतात का हो?”

“हो काका. युरोपात रिसायकलिंग फार.”

अनंतरावांनी फोन बंद केला. ते आत शिरले नाहीत. मालक हद्दीबाहेर असताना सदनिकेत पाऊल टाकणं उपविधीत बसत नव्हतं, आणि उपविधी त्यांनी स्वतः टाइप केले होते. ते खाली गेले, मच्छिंद्रकडून वही मागवली आणि रविवारचं पान उघडलं.

“हे काय आहे?”

“नोंद हाय सायेब.”

“‘आले नाहीत, वेळ ५.१०’?”

“त्या येळंला आले न्हाईत. सही बी हाय त्यांची.”

अर्ध्या तासात बोर्डावर नोटीस लागली आणि तिचा फोटो ग्रुपवर आला: सदनिका बी-७०२ बंद असताना झालेला पाण्याचा वापर व नोंदवहीतील संदिग्ध नोंद याबाबत मालकाने बुधवारी सकाळी सहापर्यंत लेखी खुलासा द्यावा. खुलासा ग्रुपवर सर्वांच्या माहितीसाठी टाकण्यात येईल.

ग्रुपवर पूर्णिमाच्या ऑफिसातले तिघं होते. शुभंकर बेडरूममधून बाहेर आला आणि नोटीस तिला दाखवायला गेला. ती सोफ्यावर झोपली होती. काकूंनी सोफा तिला दिला होता आणि स्वतः गादी घेतली होती. पूर्णिमाचं तोंड थोडं उघडं होतं आणि हात सोफ्याबाहेर लोंबत होता. चार वर्षांत तिला अशी झोपलेली त्याने पाहिली नव्हती. दर वेळी हात फोनवर असे.

काकूंनी एक डोळा उघडला आणि ओठांवर बोट ठेवलं.

शुभंकर बाल्कनीत गेला. राहिलेल्या कुरडया उलटल्या. समोर पूर्णिमाच्या ऑफिसची काच तळपत होती. थोडे डोळे बारीक केले तर ती पाण्यासारखी दिसते असं त्याच्या लक्षात आलं. मग तो खाली बसला आणि गुडघ्यावर वही ठेवून त्याने खुलासा लिहायला घेतला. या वेळी एकच प्रत केली आणि तिला ‘फायनल’ असं नाव दिलं नाही.

प्रति,
मा. सचिव,
सरोवर-दर्शन सहकारी गृहरचना संस्था, खराडी, पुणे.

विषय: सदनिका क्र. बी-७०२ ही दि. १५ ते १७ मे या कालावधीत इटलीत असल्याबाबत.

महोदय,

आपल्या नोटिशीच्या अनुषंगाने कळवण्यात येते की, आम्ही आलो नाही. तशी नोंद संस्थेच्याच वहीत, वेळेसह व आमच्या सहीसह, आहे. पाण्याचा वापर झाडांनी केला. रद्दीबाबतचा खुलासा दूरध्वनीवर दिलेला आहे.

तरी सदर सदनिका वरील तीन दिवस संस्थेच्या हद्दीबाहेर होती असे समजून तेवढ्यापुरती तिची नोंद इटलीत करण्यात यावी, गच्चीवरील कॉक उघडण्यात यावा, सदनिकेत कोणी झोपलेले असल्यास त्यास संध्याकाळपर्यंत उठवू नये, आणि संस्थेच्या नावात असलेला परंतु ताबा देतेवेळी न मिळालेला तलाव, अर्जदाराच्या पत्नीचा पाहायचा राहून गेला असल्यामुळे, बाल्कनीसमोर, एका खुर्चीसह, शक्यतो उद्या पहाटे पाच वाजून दहा मिनिटांच्या आत उपलब्ध करून देण्यात यावा, ही नम्र विनंती.